अंदमानात फोन लागतो का? (आजी पुण्यात, आम्ही बेटावर)

पारिजातक
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही अंदमानला निघालोय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. पुण्याहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, तिथे दोन रात्री, मग हॅवलॉक बेटावर तीन, नील बेटावर एक आणि परत पोर्ट ब्लेअर. तिकिटं, बोटी, हॉटेलं, सगळं झालंय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी.

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नारायण पेठेतल्या घरी आई-बाबांबरोबर असते. या आठ दिवसांसाठी दिवसरात्र राहणाऱ्या मावशी ठरवल्या आहेत, समोरचे शेजारी घरच्यासारखे आहेत. पण बाबा तिला सोडून इतके दिवस कधी राहिलेलेच नाहीत. "फोन लागणार असेल तर येतो, नाहीतर तुम्ही जाऊन या," असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "सगळीकडे रेंज आहे मॅडम." शेजारच्या काकू म्हणतात, तिथे काहीच चालत नाही. दोघांपैकी खरं कोण?

कोणतं सिम न्यावं, बोटीत फोन लागतो का, गूगल पे चालतं का की रोख न्यावी? नवऱ्याच्या कंपनीत त्या आठवड्यात त्याची ऑनकॉल पाळी आहे (बिघाड झाला की लगेच उत्तर द्यायचं), तेही निभेल का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

मुठाकाठ
रुमाल टाकून ठेवतो. आम्ही फेब्रुवारीत जातोय, हेच प्रश्न आहेत.

कोकणकडा
आम्ही गेल्या जानेवारीत गेलो होतो. टूरवाला आणि काकू दोघंही अर्धे खरे आहेत.

पोर्ट ब्लेअर शहरात पुण्यासारखंच सगळं चालतं. सेल्युलर जेलच्या गच्चीवरून आम्ही घरी व्हिडिओ कॉल केला, एकदाही अडकला नाही. हॅवलॉकला गोविंदनगरच्या बाजारात आणि जेटीजवळ चांगली रेंज होती. राधानगर किनाऱ्यावर वाळूत उभं राहिलं तर एक दांडी, झाडांत शिरलं की तीही जायची. नीलला मात्र आमच्या दोघांच्या फोनवर एका खाजगी कंपनीची सिम होती, ती लक्ष्मणपूरकडच्या हॉटेलात शिरल्याबरोबर मुकी झाली. जोडीला नेलेलं बीएसएनएलचं सिम तिथेही बोलत होतं. इंटरनेट हळू होतं, पण बोलणं स्वच्छ.

माझा सल्ला एवढाच की घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम असू द्या. पाच जणांची पाचही सिम एकाच कंपनीची असतील तर रेंज गेली की सगळ्यांची एकदम जाते. आणि नवं सिम पुण्यातच घ्या, इथे दोन दिवस वापरून बघा. तिथे पोचल्यावर दुकान शोधत फिरण्यात सहलीचा अर्धा दिवस जातो.

जुनी_पेठ
माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही १९९६ साली गेलो होतो. मुलं लहान, सासूबाई इकडे पुण्यात. पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारातल्या एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून दोन दिवसांआड एक फोन करायचो, तीन मिनिटं बोलायचो. "सगळं ठीक, तुम्ही?" "ठीक." बस्स. बाकीचे दिवस समुद्र, मुलं आणि आम्ही. इतकं मोकळं मी नंतर कधी फिरले नाही. तुमच्या बाबांना सांगा, आजींची सोय नीट लागली असेल तर दिवसातून एक फोन पुरे. सारखा फोन हातात असला की मन पुण्यातच राहतं.

दोन_पावलं
जुनी_पेठ, तुमच्या भावना कळतात, पण मी याच्या अगदी विरुद्ध अनुभवातून गेले आहे, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी आम्ही नील बेटावर होतो. पुण्यात आई एकटी. सकाळी बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, पण शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना घरच्या माणसाशी बोलायचं होतं. माझा फोन लागेना, नवऱ्याचा लागेना. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत माझी मावसबहीण दोन्ही नंबर फिरवत बसली होती. आम्ही भरतपूरच्या किनाऱ्यावर, फोन पिशवीत. शेवटी तिने नेटवर आमच्या हॉटेलचा नंबर शोधला, तिथल्या मॅनेजरने पोरगा सायकलवरून किनाऱ्यावर धाडला. तो नाव घेऊन हाका मारत आला तेव्हा माझे पाय गळून गेले होते.

आई आता छान चालते. पण ते सहा तास मी विसरत नाही. फोन लागला नाही याचं इतकं वाईट वाटत नाही, जितकं याचं वाटतं की हॉटेलचा नंबर मी कुणालाच देऊन गेले नव्हते. पारिजातक, एवढं कराच. प्रत्येक हॉटेलच्या रिसेप्शनचा नंबर, बोटीच्या वेळा, चालकाचा नंबर, सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मावशींजवळ आणि शेजाऱ्यांजवळ ठेवा.

जुनी_पेठ
दोन_पावलं, वाचून अंगावर काटा आला. तुमचं बरोबर आहे. आमच्या वेळी घरी सासूबाईंबरोबर दीर-जाऊ होते, म्हणून ते मोकळेपण परवडलं. आज घरोघरी एकेकटी माणसं आहेत.

तारायंत्र
दूरसंचार खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अंदमानचं इंटरनेट वाईट ही समजूत कुठून आली, हे कळलं की पुढचं सोपं जातं.

२०२० पर्यंत या बेटांचा बाहेरच्या जगाशी डेटाचा सगळा संबंध उपग्रहावरून होता. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तुमचा शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. त्यामुळे बोलताना दोघंही एकदम बोलायचे आणि दोघंही एकदम गप्प व्हायचे. शिवाय उपग्रहावरची जागा मर्यादित आणि महाग, ती सगळ्या बेटांनी वाटून घ्यायची. काकू त्या काळाबद्दल बोलत असतील तर त्या चूक नाहीत.

१० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते अंदमान-निकोबार ही समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर, खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये. चेन्नईहून ती पोर्ट ब्लेअरला येते आणि तिथून स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार इथे जाते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळाचं. त्यामुळे कोकणकडा यांचा जेलच्या गच्चीवरचा कॉल अडकला नाही.

केबलच्या बेटांत नीलचं नाव नाही, हे लक्षात घ्या. तिथला संपर्क शेजारच्या बेटांवरून हवेतून, म्हणजे मायक्रोवेव्ह दुव्यांसारख्या साधनांनी न्यावा लागतो. हॅवलॉक आणि नील यांच्या अनुभवात फरक पडतो त्याचं हे एक कारण.

मुठाकाठ
तारायंत्रकाका, एक शंका. हॅवलॉकला केबल पोचली आहे ना? मग राधानगरला रेंज का जाते?

तारायंत्र
केबल बेटापर्यंत येते, खिशापर्यंत येत नाही. तिथून पुढे टॉवर लागतात, टॉवरला वीज लागते, आणि बेटावर वीज मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या केंद्रांतून येते. मध्ये घनदाट, ओलं जंगल. ओली पानं रेडिओलहरी पितात. आपल्याकडे ताम्हिणीत शिरलं की फोन मुका होतो, तसंच हे. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी आठशेहून अधिक बेटं आहेत, त्यातल्या तीसएक बेटांवर वस्ती. प्रत्येक वळणावर टॉवर उभारणं कुणालाच शक्य नाही.

दोन उपयोगी गोष्टी. एक, रेंज नसताना फोन टॉवर शोधत जोरात ओरडत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. बोटीत बसल्यावर विमान मोड लावा. जीपीएस त्यातही चालतं, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर इंटरनेटशिवाय रस्ता दिसतो. दुसरी, तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण तिथे दुसऱ्या कुणाचीही असेल, तर ११२ हा आणीबाणीचा नंबर त्या दुसऱ्या टॉवरवरून लागू शकतो. स्क्रीनवर फक्त आणीबाणीचे कॉल असं दिसतं, त्याचा अर्थ हाच. रेंज नाही म्हणून कुणी प्रयत्नच सोडू नये.

दर्यासारंग
बोटीबद्दल मी सांगतो. तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, आता बावधनला असतो.

जेटी सोडल्यावर काही वेळ फोन चालतो, कारण पाण्यावर आडवं काही नसतं. पण पृथ्वी गोल आहे आणि टॉवरची उंची ठरलेली. जुन्या टूजीला तर हिशोबानेच ३५ किलोमीटरची मर्यादा, प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी संपतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तासांचा प्रवास, सरकारी बोट असेल तर आणखी जास्त. मधला बराचसा भाग फोन नाही असं धरून चाला आणि घरी तसं सांगून ठेवा. माझी बायको माझ्या जहाजाचं वेळापत्रक स्वयंपाकघरात लावायची. "आज ते मधल्या समुद्रात आहेत" एवढं ठाऊक असलं की माणूस घाबरत नाही.

बोटीला स्वतःचा व्हीएचएफ रेडिओ असतो. त्यावर १६ नंबरची वाहिनी संकटासाठी जगभर ऐकली जाते. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या संकटासाठीचा नंबर १५५४ आहे, तो फोनमध्ये साठवून ठेवा. लागणार नाही, पण असू द्या.

वाटाड्या
माझा भाऊ दुबईला असतो. त्याच्याकडे सॅटेलाइट फोन आहे. तोच मागवून घेतला तर सगळा प्रश्न मिटतो ना?

दर्यासारंग
वाटाड्या, अजिबात नको, आणि हे मी कळकळीने सांगतो. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या कंपन्यांचे फोन तर पर्यटकाला चालतच नाहीत. विमानतळावर असे फोन सापडून परदेशी पाहुण्यांना अटक झाल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. ट्रेकर मंडळी नेतात ती उपग्रहावरून निरोप पाठवणारी लहान यंत्रंही त्यातच येतात. अंदमान तर संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक जागा. भावाला सांगा, घरीच राहू दे.

वाटाड्या
बापरे. बरं झालं विचारलं. धन्यवाद.

पैशाची_गोष्ट
यूपीआयबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहिते. बँकेत आहे.

पोर्ट ब्लेअरला आणि हॅवलॉकच्या बाजारात दुकानांवर क्यूआर कोड आहेत, पण पैसे जाण्यासाठी तुमच्याकडे नेट हवं, आणि ते आल्याचं कळायला दुकानदाराकडेही. शहाळंवाला तुमच्या पैशाचा आवाज ऐकू येईपर्यंत सोडणार नाही, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून रोख न्याच. बेटांवर एटीएम मोजकी आहेत, सुट्टीच्या दिवसांत त्यात पैसे नसले तर पंचाईत. मी तरी पोर्ट ब्लेअरलाच पैसे काढून, शंभराच्या आणि पाचशेच्या नोटा करून पुढे जाईन.

सिमच्या बाबतीत मोठी चूक अशी होते की लोक नवं सिम घालायला बँकेचं सिम काढतात. यूपीआय ॲप तुमच्या फोनला आणि त्या सिमला बांधलेलं असतं. सिम काढलं की ॲप पुन्हा पडताळणी मागतं, त्यासाठी एसएमएस जावा लागतो, आणि रेंज नसली की तुम्ही अडकता. बँकेचं सिम पहिल्या खाचेत जसंच्या तसं राहू दे, नवं सिम दुसऱ्या खाचेत.

आणि ईसिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरायचं सिम) करून घ्यायचं असेल किंवा सिम बदलायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी करू नका. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक टाळण्यासाठी तसा नियम आहे. त्या दिवशी एकही ओटीपी येत नाही. माझ्या एका ग्राहकाला याच कारणाने विमानतळावर हॉटेलचे पैसे भरता आले नव्हते.

नेट नसताना चालणारा एक मार्ग आहे. स्टार ९९ हॅश फिरवून बँकेच्या मेनूतून एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. पण तो पुण्यात एकदा वापरून बघा. किनाऱ्यावर उन्हात उभं राहून पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही ती.

मुठाकाठ
ते २४ तासांचं मला माहीतच नव्हतं. आजच नोंद केली.

सह्यवेडी
थोडं अवांतर, पण विषय बेटाचाच. आम्ही यंदा मे महिन्यात श्रीलंकेला गेलो होतो. तिथे सगळं सोपं होतं. कोलंबोच्या विमानतळावर बाहेर पडायच्या आधीच डायलॉग आणि मोबिटेल या फोन कंपन्यांचे काउंटर आहेत, पासपोर्ट दाखवला की पर्यटकांचं सिम मिळतं. यजमानांनी मात्र पुण्यातूनच ईसिम घेतलं होतं. त्यात एक खुबी आहे. ईसिमचा क्यूआर कोड स्कॅन करायला इंटरनेट लागतं. म्हणून तो घरच्या वायफायवर आदल्या रात्री भरून ठेवायचा, तिथे उतरल्यावर फक्त चालू करायचा. आणि बऱ्याच फोनमध्ये कोड ज्या फोनमध्ये भरायचा त्यातच ठेवून चालत नाही, तो दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर हवा, नाहीतर स्कॅन कशाने करणार?

भारतीय सिम आम्ही ओटीपीसाठी चालू ठेवलं, त्याचं डेटा रोमिंग बंद. आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र इथूनच सुरू करून जावं लागतं. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआयही सुरू झालंय. आम्ही कँडीला चहापत्ती त्यावरच घेतली.

घारापुरीकर
परदेशात कशाला जाता, आमचं घारापुरी घ्या. गेटवेवरून बोटीने तासाभराचं अंतर, समोर मुंबईचे दिवे, आणि बेटावर वीज आली २०१८ साली! समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, त्यातच सगळ्या घरांचे फोन चार्ज व्हायचे. माझं आजोळ आहे ते. मामी सगळ्यांचे फोन एका फळीवर ओळीने मांडायची, आजी-आजोबांचा पहिला, मग शिकणाऱ्या मुलांचे, मग बाकीचे. बेटावर फोन म्हणजे रेंज हा विचार अपुरा आहे, आधी वीज. पारिजातक, पॉवर बँक न्याल ती चांगली मोठी न्या. तपकीर गल्लीत घेणार असाल तर वजन हातात घेऊन बघा, हलकी लागली तर ठेवून द्या. आणि विमानात ती हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

सह्यवेडी
मामींची फळी किती सुंदर आठवण आहे. यावर वेगळा धागा काढा ना.

बिंदूरेषा
अंदमान-बेटे-फोन म्हटल्यावर मला २००४ आठवतं. मी हौशी रेडिओवाला, हॅम. त्या वर्षी डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. अंदमानातून हौशी रेडिओ प्रसारणाला परवानगी मिळणं फार दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला कान लावून बसले होते. मीही इथे कर्वे रस्त्यावरच्या गच्चीत तार बांधून बसायचो.

२६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी. बेटांवरचे फोन कोलमडले. त्या पथकाजवळ रेडिओ होते, बॅटऱ्या होत्या, अँटेना उभ्या होत्या. पुढचे दिवस त्यांनी त्याच यंत्रांवरून निरोप पोचवले. कोण सुखरूप आहे, कोण सापडत नाही, कुठे मदत हवी. पुण्या-मुंबईत, चेन्नईत, दिल्लीत बसलेले हॅम ते निरोप घेऊन लोकांच्या घरी फोन करत होते. जिथे हौस म्हणून गेले तिथे त्यांनी आधार दिला. आजही त्या दिवसांबद्दल बोलताना माझा आवाज भरून येतो.

तारायंत्र
बिंदूरेषा, त्या आठवड्यात खात्यातले आम्हीही झोपलो नव्हतो. त्या मंडळींचं काम मोठंच.

त्यावरून आणखी एक. केबल आली म्हणून निर्धास्त होऊ नये. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ ज्वालामुखी फुटला आणि त्या देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. जोडायला पाच आठवडे लागले. नांगर आणि मासेमारीची जाळी यांनीही केबली तुटतात. अंदमानातही एखाद्या दिवशी इंटरनेट मंदावलं तर हॉटेलवाल्यावर ओरडू नका.

खडी_साखर
नवऱ्याच्या ऑनकॉलबद्दल कुणीच बोललं नाही. मीही हिंजवडीतच आहे, म्हणून स्पष्ट बोलते. पाळी बदलून घ्या. बोटीत दोन तास रेंज नसणार हे आता ठाऊक आहे, आणि ऑनकॉल म्हणजे पंधरा मिनिटांत उत्तर. बिघाड तुमची बोट बघून होत नाही. सहकाऱ्याला पुढच्या महिन्यात दोन पाळ्या द्या, पण हे ओझं लेकीच्या सहलीत नेऊ नका.

कोकणकडा
अनुमोदन. आणि बाराटांगला जाणार असाल तर आणखी एक. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांचा ताफा जातो, तिथे फोटो आणि व्हिडिओ काढायला सक्त बंदी आहे. फोन पिशवीतच ठेवा. तो नियम त्या माणसांच्या सन्मानासाठी आहे, त्यात सूट शोधू नये. आम्हाला त्या टप्प्यात रेंजही नव्हती.

पाटीपूजन
पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर नवी नावं दिसतील, गोंधळू नका. आजींच्या कागदावर दोन्ही लिहा.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना संपूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. दोन_पावलं यांचा प्रतिसाद वाचताना ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "येतो मी. पण कागद मी स्वतः लिहिणार."

ठरलं ते असं. बाबांना बीएसएनएलचं नवं सिम, आज घेतलं. बाकीच्यांची आहेत ती दोन वेगळ्या कंपन्यांची. नवऱ्याने पाळी बदलली. आल्यावर नक्की लिहीन.

पारिजातक (साडेतीन आठवड्यांनी)
आलो! उशीर झाला, क्षमस्व. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

पोर्ट ब्लेअर, काहीच अडचण नाही. हॅवलॉकला आमचं हॉटेल विजयनगरला होतं, तिथे तिन्ही सिम चालली. हॉटेलचं वायफाय फक्त रिसेप्शनपाशी, पण वायफायवरून साधा कॉल लावायची सोय फोनमध्ये आधीच चालू करून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, वीज गेली, एक सिम तासभर बंद होतं, तेव्हा हॉटेलच्या जनरेटरवरच्या वायफायने काम भागवलं. बोटीत सुमारे पाऊण तास फोन पूर्ण बंद. नीलला कोकणकडा म्हणाले तसंच झालं, फक्त बाबांचा फोन चालला. शहाळ्यांना, सायकलींना, किनाऱ्यावरच्या भज्यांना रोख. ३,००० रुपये सुटे नेले होते, ते सगळे गेले.

बाबांनी कागद केला होता तो असा. दर दिवसाची एक ओळ. तारीख, बेटाचं नाव, हॉटेलचा नंबर, आणि लाल पेनाने "१० ते १ फोन लागणार नाही, बोटीत आहोत." आजी रोज सकाळी मावशींकडून ती ओळ वाचून घ्यायची. ज्या दिवशी आम्ही बोटीत होतो त्या दिवशी तिने शेजाऱ्यांना सांगितलं म्हणे, "आत्ता नका लावू, ते समुद्रात आहेत." दर्यासारंगकाका, हे तुमच्यामुळे.

एकच गोष्ट जमली नाही. नीलला संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. बाबांनी किनाऱ्यावरून आजीला फोन लावला. ती म्हणाली, "लाटांचा आवाज ऐकव रे." मॅट्रिकनंतर एकदाच रत्नागिरीला तिने समुद्र पाहिलाय. बाबा पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले, फोन लाटांकडे धरला. आजी म्हणाली, काहीच येत नाही, तूच बोलतोयस तेवढं येतंय. बाबांनी तीन-चार वेळा प्रयत्न केला. रेंज चांगली होती, तरी असं का झालं?

तारायंत्र
रेंजचा दोष नाही. फोन माणसाचा आवाज नेण्यासाठी घडवलेला आहे. सतत चालणारी घरघर, वारा, लाटा, वाहनांचा गोंगाट, हे सगळं तो नको असलेला आवाज समजून गाळून टाकतो, म्हणूनच रस्त्यावरून केलेला फोन आपल्याला ऐकू येतो. तुमच्या बाबांच्या फोनने त्याचं काम इमानाने केलं आणि समुद्र पुसून टाकला. व्हिडिओ काढताना मात्र अशी गाळणी कमी असते. तुमच्याकडे किनाऱ्यावरचा एखादा व्हिडिओ असेल ना? तो मोठ्या स्पीकरवर लावून बघा.

दोन_पावलं
पारिजातक, तुमच्या बाबांच्या कागदाचा फोटो टाकाल का? नंबर झाकून. मला तसाच करायचाय.

मुठाकाठ
आमची निघायची तारीख आली. ती जलरोधक पिशवी फोनसाठी नेली होतीत का? कितपत उपयोगी?

पारिजातक
दोन_पावलं, बाबांना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. रविवारी टाकते.

तारायंत्रकाका, लेकीने काला पत्थरला वाळूत फोन ठेवून चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता, त्यात नुसतं आकाश आणि आवाज. आम्ही तो चुकून काढलेला समजून पुसणार होतो. काल रात्री टीव्हीला जोडून लावला. आजी खुर्ची पुढे ओढून बसली, डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." तीनदा लावला.

मुठाकाठ, पिशवी खूप उपयोगी पडली, बोटीत चढताना लाट अंगावर आली तेव्हा तिच्यामुळेच बाबांचा फोन वाचला. आता आमच्याकडे पडूनच आहे, घेऊन जा. शनिवारी संध्याकाळी घरी असू, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.